गुरुवारचा प्याला

बेनिनचा किनारा, पश्चिम आफ्रिका, १८५१

माननीय पेनरोजसाहेब,

हे पत्र मी धाडणार नाही, म्हणून खरं लिहितो. कप्तान झाल्याशिवाय माझ्या लेकीला, हॅरिएटला, मागणी घालू नकोस, असं तुम्ही बजावलंत. पण लढाई नसली की वरचा मेल्याशिवाय आरमारात बढती नाही. म्हणून दर गुरुवारी जेवताना आम्ही अधिकारी प्याले उंचावतो, "लढाई पेटू दे, नाहीतर साथ येऊ दे!" आणि खदाखदा हसतो.

तापाची साथ आली. सोमवारी कप्तान गेले, जहाज माझ्या हाती आलं. मला आनंद झाला, साहेब.

आज गुरुवार. सकाळपासून मला हुडहुडी भरलीय. माझ्या हाताखालच्या ट्रेलॉनीनं प्याला उचलला. "लढाई पेटू दे..." म्हणाला आणि माझ्याकडे बघून थांबला.

"पुढचं बोल की, गड्या!" मी म्हणालो.

त्यानं नुसता प्याला रिकामा केला.

तूर्तास कप्तान,
एडमंड कार्न