चेंबरवरचे ठोके

नुंगंबाक्कम, चेन्नई
८ जानेवारी २००६

ती. स्व. अण्णास,
सुनंदाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. ह्यांची तब्येत आहे तशीच. झटका येऊन दोन वर्षं होतील. उजवा हात चालतो, चार पावलं टाकतात, पण तोंडातून शब्द नाही.

क्षितिजने नवं वेड घेतलंय. पेरुंगुडीच्या ऑफिसातून सुटी मिळाली की खालच्या शेडमध्ये शेजारच्या सेतुमाधवबरोबर शर्यतीची गाडी बांधतो. सेतुमाधव तंजावरकडचा, त्याची मराठी निम्मी मला तमिळच वाटते. गाडीत इंजिनाचा मूळचा ब्लॉक, म्हणजे सांगाडा, नाही, शर्यतीसाठी मुद्दाम ओतलेला परदेशी ब्लॉक आहे. त्याला खालचं तेलाचं चेंबर काही जुळेना. जुन्या गाडीचं लावलं तर मागचं सील बसत नाही. दुसऱ्यात तेल मोजायच्या डिपस्टिकचं भोक भलत्या बाजूला. आता पत्र्याचं एक मिळालंय, ते सगळ्या बोल्टांवर नीट बसतं. तेवढ्यावर भागेल का, असं भाचा विचारतोय. तू जन्मभर इंजिनंच उघडलीस.

एक मात्र चमत्कारिक. ते चेंबर आल्यापासून हे त्याच्याशेजारी खुर्ची घेऊन बसतात आणि एकाच जागी नखाने ठोकतात. तीन ठोके, थोडं थांबून एक. चेंबर हलवलं तर उठून शोधत जातात.

वहिनींना नमस्कार. आठवण पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुनंदा


कोल्हापूर
१४ जानेवारी २००६

चि. सौ. सुनंदास अनेक आशीर्वाद.

बोल्ट बसले म्हणजे चेंबर बसलं, असं समजणारी गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिली. नव्या ब्लॉकात क्रँक, म्हणजे पिस्टनना जोडलेला फिरता दांडा, मोठा असणार, त्याचे रॉड जास्त खाली येतात. क्षितिजला सांग, चेंबरच्या आत चिकणमाती थाप, बोल्ट लाव, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरव आणि उघडून पाहा. माती कुठे पातळ झाली ते दिसेल. वेगात रॉड चेंबरला लागला तर तेल चाकाखाली सांडेल. मग गाडी कोणाच्या बापाची राहत नाही.

वसंतरावांच्या ठोक्यांचं मनावर घेऊ नकोस. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनं तपासली त्यांनी, हाताला सवय असते. औषधं चुकवू नका.

घरी सगळे खुशाल. तुमच्यावर जीव आहेच.

अण्णा


नुंगंबाक्कम
२९ जानेवारी २००६

ती. स्व. अण्णास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. माती कुठेच करंगळीपेक्षा पातळ नव्हती. पोरं खूश झाली, मीही निर्धास्त झाले.

परवा इंजिन सुरू केलं. चालताना गडगडाटात काही कळलं नाही. बंद केल्यावर शेवटचे फेरे मंदावले, तेव्हा इंजिनाच्या पोटातून आवाज आला. तीन ठोके, थांबून एक. अण्णा, मी महिनाभर तेच ऐकत होते. सेतुमाधव उठून शेडबाहेर जाऊन उभा राहिला. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

चेंबर उतरवलं तर आत कोरा, चकचकीत ओरखडा होता. बाहेरून बरोबर त्याच जागी ह्यांच्या नखाने रंग उडालेला. १२ तारखेला, रविवारी शर्यत आहे आणि गाडी क्षितिजच चालवणार. मला अन्न गोड लागत नाही.

सुनंदा


कोल्हापूर
१ फेब्रुवारी २००६

चि. सौ. सुनंदास आशीर्वाद.

ते चेंबर टाकून द्या. पत्रा पातळ असला की गरम झाल्यावर आत वाकतो, मातीला ते कळत नाही. जाड, ओतीव चेंबर घ्या, तळाशी खोल असलेलं. तेल ओढणारी जाळी तळापासून बोटभर वर राहील एवढं पाहा. शर्यत चुकली तर चुकू दे.

ओरखड्याची जागा त्यांना आधी कळली, ती अनुभवाने म्हणू. ठोके कसे कळले, ते मला सांगता येत नाही. म्हणून खोटं काही लिहीत नाही.

अण्णा


नुंगंबाक्कम
१६ फेब्रुवारी २००६

ती. स्व. अण्णास,
सा. न. वि. वि.

ओतीव चेंबर एका रेसवाल्याकडे मिळालं. बसवण्याआधी क्षितिजने ते ह्यांच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "बाबा, हे चालेल?" ह्यांनी त्यावर हात फिरवला, ठोकलं नाही, मान वळवून झोपून गेले. रविवारी गाडी पूर्ण शर्यत धावली, चौथी आली. क्षितिज धडधाकट घरी आला. त्या दिवशी मी दोन वर्षांनी गोड केलं.

हे सगळं फोनवर ओरडून सांगितलं असतं. पुढचं सांगता येत नाही.

काल दुपारी ह्यांना पेज भरवत होते. ह्यांनी चमचा बाजूला सारला, माझा हात ओढून घेतला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीवर, नखाने ठोकायला लागले. दोन ठोके, मोठा खंड, मग एक. हात सोडवला तर पुन्हा धरला. नजर चेंबरकडे लावायचे तशीच, माझ्या तोंडाकडे नाही. आज सकाळी पुन्हा तेच.

मला काही दुखत नाही. क्षितिजला सांगितलेलं नाही. डॉक्टरांकडे जाईन, पण एकटी जाणार नाही.

तिकीट मिळेल त्या गाडीने ये.

तुझी धाकटी,
सुनंदा