अंडीवाली

माझ्या आईस, तुझ्या मेओचा पाया पडून नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

परवा तू अंडी घेऊन इथे सिएना शहरात, आमच्या चित्रशाळेत आलीस. उस्तादांनी विचारलं, "ही बाई कोण रे?" मी म्हणालो, "अंडीवाली." तू ऐकलंस, टोपली ठेवून निघून गेलीस.

त्याच अंड्यांचा बलक रंगात कालवून मी मरियामातेचा चेहरा रंगवला. उस्ताद ओरडले, "गाढवा, गावठी बलक लालसर असतो! कोवळ्या चेहऱ्याला शहरातलीच अंडी लागतात. खरवड!" मी खरवडलं.

आता मरियेच्या म्हाताऱ्या आईचा चेहरा रंगवायचाय. तिला गावठीच बलक शोभतो. उस्ताद म्हणतात, "त्या अंडीवालीला बोलाव."

आई, अंडी नसली तरी ये. दारातच, सगळ्यांसमोर, तुला आई म्हणून हाक मारीन.

तुझा शरमलेला,
मेओ