रिपोर्टची शेवटची ओळ

प्रिय ताई,

काल तुझं ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर येताच तू नर्सला कौतुकाने सांगितलंस, "ही माझी धाकटी बहीण. हिच्यामुळेच मी दरवर्षी तपासून घेते." मी खाली मान घालून तुझी उशी नीट करत राहिले.

बारा वर्षं मी मॅमोग्राफी करते. येणाऱ्या बायकांना समजावते, की मॅमोग्राफीत गाठ पांढरी दिसते आणि स्तन दाट असतील तर तेही पांढरेच दिसतात. अशा वेळी सोनोग्राफीत गाठ वेगळी ओळखू येते. पण कॅल्शियमचे बारीक कण, जे कधीकधी कॅन्सरची पहिली खूण असतात, सोनोग्राफीत सहसा निसटतात, ते मॅमोग्राफीतच सापडतात. म्हणून काहीजणींना दोन्ही लागतात.

गेल्या वर्षी तुझा मॅमोग्राफीचा रिपोर्ट माझ्याच हाती आला. त्याच्या शेवटी लिहिलं होतं, 'स्तन दाट आहेत, सोनोग्राफीही करावी.' तू फोनवर विचारलंस, "काय गं, सगळं ठीक ना?" बाहेर रांग लागली होती. मी म्हणाले, "ठणठणीत आहेस." ती ओळ मी वाचली होती, ताई. संध्याकाळी सांगू म्हटलं आणि विसरून गेले.

गाठ शेवटी तुझ्याच हाताला लागली. वेळेत सापडली, असं डॉक्टर म्हणतात. तू मात्र चिडतेस, "गेल्या वर्षी यांना कशी दिसली नाही?" आणि मी विषय बदलते.

कागदावर माफी मागणं सोपं आहे, तुझा चेहरा बघावा लागत नाही. म्हणून हे पाठवत नाही. उद्या खुर्ची तुझ्याजवळ ओढून, तुझ्याकडे बघत सांगेन. तू तोंड फिरवलंस तरी उठून जाणार नाही.

तुझीच,
धाकटी