उन्हाची दुआ

नोमानभाई,

जॉर्जियाच्या डोंगरावरून तू व्हिडिओ कॉलवर ओरडलास, "बर्फावर पाऊस पडतोय!" आपण शारजाची माणसं, पावसासाठी नमाज पढणारी. आम्ही इथे टाळ्या वाजवल्या. तोच पाऊस मुरून बर्फ जड झाला आणि अख्खा उतार तुझ्यावर कोसळला.

रेस्क्यूवाले म्हणाले, ओला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसलाय, बॉडी आता मे महिन्यात बर्फ वितळल्यावरच मिळेल. अम्मीला मी "बर्फ वितळला की भाई मिळेल" एवढंच सांगितलं.

आयुष्यभर इथल्या गरमीला शिव्या घालणारी अम्मी आता एसी बंद करून बाल्कनीत बसते आणि ऊन वाढावं म्हणून दुआ मागते.

काल मीही तिच्या शेजारी बसून हात उचलले.

तुझी,
नौशीन