पाणी भैय्यालालच्या बांधीला, दावा कामिनीला

मी, आनंदाबाई नत्थू लंजे, वय अडुसष्ट, धंदा शेती व तलावाची पाणकर, राहणार अड्याळ, हा कागद माझ्या हाताने लिहिते. कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून बसवलेले नाही. हृदय थकले आहे, डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला स्वप्ने पडतात खरी, पण जाग आली की ती स्वप्ने होती हे मला कळते. एवढी शुद्ध पुरे, असे वकीलसाहेब हसून म्हणाले.

१. राहते घर व तलावाखालची धानाची शेती मुलगा धर्मेंद्र याला. परसातले सीताफळाचे झाड तोडू नये. तोडलेच तर मी स्वप्नात येईन, आणि मी त्याच्या बापासारखी नुसती उभी राहणारी नाही.

२. गळ्यातली पोत व पाण्याचा पितळी गुंड मुलगी हर्षा हिला. गुंड चेपलेला आहे, तो तसाच राहू द्यावा. तो तिच्याच हातून पडला होता.

३. तलावाचे तोंड उघडायची लोखंडी कांब सून कामिनी हिला. हा कागद कोर्टात जाईल म्हणून खुलासा करते. तलावाचे पाणी ज्याच्या-त्याच्या पाळीने बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, सोडतो तो पाणकर. आमच्याकडे आधी शेवटच्या बांधीला पाणी मिळते आणि पाणकराच्या बांधीला सगळ्यांनंतर. माझे यजमान नत्थू पाणकर होते. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असताना भैय्यालाल कापगते पाळी नसताना पाणी मागायला आला. यजमान नाही म्हणाले. त्याने त्यांच्याच हातातले फावडे हिसकून त्यांच्या डोक्यात घातले. तेव्हापासून कांब माझ्या हातात आहे.

४. त्या मरणाबद्दल भैय्यालालवर मी दिवाणी दावा लावला आहे. दरम्यान फौजदारीत त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि अर्धीही भोगण्याआधी वरून, सरकारकडून, माफी आली. तो गावात परतला तेव्हा लोकांनी नारळ देऊन त्याचा सत्कार केला. अरे वा रे गाव! त्याच्या वकिलाने कोर्टात म्हटले, माफी झाली, आता दावा कशाचा? न्यायाधीशबाई म्हणाल्या, माफीने तुरुंग सुटतो, बाईचा दावा सुटत नाही. त्या दिवशी मी बसस्टँडवर दोन कप चहा घेतले, एक यजमानांच्या नावाचा.

धर्मेंद्र म्हणतो, "माय, वरूनच माफी झाली, तू कायले जीव जाळून राहिली?" मी म्हटले, "ज्याइनं माफ केलं, त्याइचा नवरा मेला होता काय?" तो तडजोड करेल. भोळा आहे, भांडणाला भितो, मला त्याचा राग नाही. म्हणून दाव्यातला माझा सगळा हक्क मी कामिनीला देते. माझी तेरवी आटोपताच तिने वकिलाकडे जाऊन आपले नाव दाव्यावर चढवावे. उशीर झाला तर दावा माझ्यासोबतच मरतो.

५. स्वप्नाचेही लिहिते. यजमान तलावाखाली गुडघाभर पाण्यात उभे असतात. पाणी हलत नाही, धान मात्र डुलत असते, आणि उजेड कुठून येतो ते कळत नाही. ते विचारतात, "आनंदे, शेवटच्या बांधीत पाणी पोचलं काय वो?" मी म्हणते, "पोचलं जी." पलीकडे भैय्यालाल पाठ करून रोवणा करत असतो. मी हाक मारते. तो वळत नाही. रोवत रोवत तो दूर जातो, बांधी काही संपत नाही, आणि मला जाग येते. मला त्याचे तोंड एकदा इकडे वळलेले बघायचे आहे, बस.

६. ती शेवटची बांधी भैय्यालालचीच आहे. तो तुरुंगात होता तेव्हाही मी तिला पहिले पाणी दिले. कामिनीनेही द्यावे, एक पाळी चुकवू नये. धानाने कोणाला मारलेले नाही. पाणी द्यावे, माफी देऊ नये. मात्र ऐन रोवण्यात, सगळ्यांसमोर तो "नत्थूले मीनं मारलं" असे म्हणाला, तर दावा त्याच दिवशी मागे घ्यावा. पैशाचे मला काही नाही. कोर्टात तो म्हणतो, नत्थू आपणच घसरून पडला.

७. मारताना आमच्या गावच्या तेजराम खुणेने पाहिले. फौजदारीत त्याने खरे सांगितले, मग माफीच्या अर्जावर गावाच्या सह्याही त्यानेच गोळा केल्या, आणि आता दिवाणीत यायला नाही म्हणतो. म्हणून मी त्यालाच या कागदाचा साक्षीदार म्हणून बोलावले आहे. आता समोर बसला आहे. म्हणतो, "काकू, मले काहून गोवता?" मी म्हटले, "तिकडे सह्या गोळा केल्या तवा नाही भेला, आता काहून भेऊन राहिला?" वरचे सगळे मी त्याला मोठ्याने वाचून दाखवले. स्वप्नापाशी त्याने डोळे पुसले. रडून काही होत नाही, बाबा. मी थकले रे.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. ज्याला जे दिले ते राजीखुशीने दिले.

मुक्काम अड्याळ, तालुका पवनी, जिल्हा भंडारा
दिनांक ९ जुलै २०२४

सही: आनंदाबाई नत्थू लंजे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:

१. गोदावरीबाई मेश्राम, शेजारीण (अंगठा)

२. तेजराम खुणे (सही). काकू, कोर्टाच्या तारखेले मी येतो. पाहिलं ते सांगतो.