‘मायसेल्फ संभाजी’ या वाक्याचे हक्क

मी, श्यामला माधव खांबेटे, वय शहात्तर, राहणार नारायण पेठ, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, बुद्धी जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकिलांनी सगळे एका पानात बसवून दिले होते. त्यात माझ्या लाजेला जागा नव्हती, म्हणून पुन्हा लिहिते.

१. राहता फ्लॅट, बँकेतील ठेवी व दागिने माझी एकुलती एक मुलगी नीरजा हिला द्यावेत. तिने मला येऊन भेटावे अशी कोणतीही अट यास नाही. ती का येत नाही, हे मला माहीत आहे.

२. माझे यजमान कै. माधव खांबेटे यांनी लिहिलेल्या ‘इंग्रजीतील नेहमीच्या चुका’ या पुस्तिकेचे सर्व हक्क माझे जावई श्री. संभाजी दत्तोबा पोकळे, राहणार धायरी, यांना द्यावेत. हे का, ते सांगणे भाग आहे.

यजमान घरीच इंग्रजीचे वर्ग घेत. शहाऐंशी साली नीरजाने आम्हाला न सांगता संभाजीरावांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि दोघे पाया पडायला आली. बरोबर त्यांच्या आई तुळजाबाई, हातात पेढ्यांचा पुडा. पुढच्या खोलीत वर्ग चालू होता. संभाजीराव हडपसरच्या कारखान्यात फिटर. सासरे इंग्रजीचे, तर मान राखावा म्हणून ते वाक्य पाठ करून आले होते. हात जोडून म्हणाले, “सर, मायसेल्फ संभाजी. आय अ‍ॅम मॅरिड विथ नीरजा.”

यजमानांनी ते फळ्यावर लिहिले आणि वर्गाकडे वळून विचारले, “किती चुका?”

हात वर झाले. एक सर्वनामाची, एक शब्दयोगी अव्ययाची. ‘मायसेल्फ’ नव्हे, ‘आय अ‍ॅम’. ‘मॅरिड विथ’ नव्हे, ‘मॅरिड टू’. मराठीत लग्न कोणाशी तरी होते, त्या ‘शी’चे त्यांनी ‘विथ’ केले, इतकेच. वर्ग हसला. तुळजाबाईंना इंग्रजी येत नव्हते. पोरगा काहीतरी छान बोलला असे समजून त्याही मनापासून हसल्या आणि मुलांना पेढे वाटू लागल्या.

यजमान म्हणाले, “दुरुस्त करून या, मग बसू.” मुलीच्या लग्नावर ते एवढेच बोलले. मी पाण्याचे तांबे घेऊन दारात उभी होते. त्या हसणाऱ्या आईकडे मला बघवेना.

नीरजा तरीही सणावारी येत राहिली, एकटीच. पुढे पुस्तिका निघाली. तिच्या पहिल्याच स्वाध्यायात ते वाक्य छापले होते, दोघांच्या नावांसकट. मी म्हटले, “नावे तरी काढा.” त्यांचे उत्तर, “वाक्य हे वाक्य असते, श्यामला.” ती पुस्तिका शाळाशाळांत लागली. नात हेमा सातवीत असताना बाईंनी तिलाच ते वाचायला उभे केले. तिने घरी येऊन विचारले, “पप्पा, हे तुम्ही आहात का?” संभाजीराव “हो” म्हणाले. त्याच दिवशी नीरजाचा फोन आला. “आई, बाबांना सांग, हेमाला स्वाध्यायात पैकीच्या पैकी मिळाले.” त्यानंतर ती या घरी आली नाही. वडील गेले तेव्हा थेट वैकुंठ स्मशानभूमीत आली आणि तिथूनच परत गेली.

३. फळा कोणालाही देऊ नये. वर्गातले एक माजी विद्यार्थी, आता मोठे वकील, गुरुपौर्णिमेला येऊन संभाजीरावांची नक्कल करतात आणि आठवण म्हणून फळा मागतात. त्यांना चहा दिला जात होता, तेवढे पुरे झाले.

४. प्रकाशकांना नवी आवृत्ती काढायची आहे. ‘ते वाक्य लोकांच्या तोंडी आहे’ असे ते म्हणतात. हक्क सोपवण्याआधी विचारावे म्हणून गेल्या महिन्यात मी रिक्षा करून धायरीला गेले. नीरजा कामावर होती, संभाजीराव घरी होते. तुळजाबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्या दिवशी वर्ग कशाला हसला, ते मी त्यांना सांगितले.

त्यांनी हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली. मग म्हणाल्या, “मला वाटलं, पोरगं चांगलं बोललं म्हून समदी खुश झाली. मी त्येंना पेढं दिलं की हो.”

मला मान वर करता आली नाही.

संभाजीरावांना मी म्हटले, “तुम्ही सांगाल तर पुस्तक बंद करते.”

“बंद कशाला, आई? पोरं शिकत्यात त्यावर. चूक तर खरीच हाय.” मग म्हणाले, “नावं तेवढी काढा. दुसऱ्या कुणाची घालू बी नका. तिथं नुसतं इंग्रजीतलं ‘ही’ नि ‘शी’ घाला. त्येंना कुणी वळखत न्हाय.”

नवी आवृत्ती निघाल्यास ती अशीच निघावी. माळ्यावरच्या जुन्या प्रती लगदा करणाऱ्याकडे द्याव्यात, रद्दीवाल्याकडे नव्हे. तिथून त्या पुन्हा कोणाच्या तरी हाती जातात.

५. माझी जांभळी पैठणी तुळजाबाईंना द्यावी. त्या नेसणार नाहीत, तरी द्यावी.

६. मला अग्नी संभाजीरावांनी द्यावा, त्यांची तयारी असल्यास. नसल्यास आग्रह करू नये. यजमानांच्या निधनवार्तेत ‘मागे पत्नी व कन्या’ एवढेच छापून आले होते. तो मजकूर मी वाचून होकार दिला होता. माझ्या वार्तेत जावई श्री. संभाजी दत्तोबा पोकळे हे नाव पूर्ण छापावे, आणि मुलीच्या आधी.

श्यामला माधव खांबेटे (सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. डॉ. मंदाकिनी केळशीकर, नारायण पेठ
२. बजरंग शिंदे, शेजारी

पुणे, ९ सप्टेंबर २०१४