सहावी थिंबल

उस्ताद, काल आमच्या पिठाच्या गिरणीची केबल मी स्वतः बदलली. हे ज्याला सांगावे असा माणूस तुमच्याखेरीज कोणी आठवला नाही आणि तुम्हाला जाऊन तर तीस वर्षे होऊन गेली. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घनसावंगीला मुलाकडे राहतो. मुलगा शाळेत शिकवतो; गिरणी सूनबाई चालवते.

परवा दळण चालू असताना जळका वास आला. स्विचजवळची थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी, काळी पडली होती आणि केबलही हातभर करपली होती. गावातला वायरमन आला. नवी केबल जाड होती, त्याच्या पिशवीतल्या थिंबली लहान. तो म्हणाला, "काका, चार तारा कापतो की, बराबर बसंल. सगळे असंच करून राह्यलेत." मी म्हणालो, "आपण चहा घ्या. हे काम मी करीन." सूनबाईने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या हातांकडे पाहिले. गेल्या वर्षापासून ते थरथरतात. मलाही तेच जाणून घ्यायचे होते की हे हात अजून भरवशाचे आहेत की नाहीत.

चार तारा कापण्याची ती युक्ती मला नवी नव्हती. तुमच्या हाताखाली मी नवाच होतो तेव्हाची गोष्ट: अंकुशनगरच्या कारखान्यात हंगामापूर्वीची दुरुस्ती चालू आहे, स्टोअर दुपारपर्यंत बंद आहे आणि मी ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीच्या मोटारीची केबल जोडतो आहे. योग्य मापाची थिंबल नाही, म्हणून तीन तारा छाटून मी हाताशी असलेली बसवतो. तुम्ही येता, ओढून पाहता. ती निघत नाही. मला वाटते, सुटलो. तेवढ्यात तुमची नजर जमिनीवर जाते आणि तुम्ही तांब्याचे तीन तुकडे उचलता.

"ह्या कुणाच्या?"

"उस्ताद, त्या किंचित अधिक होत्या."

"अधिक होत्या! पुस्तक बोलून राह्यलं बघा. आरं, बुटात पाय बसंना तर बोटं छाटतो का बूट बदलतो?"

सगळे फिटर हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत. स्टोअर उघडेपर्यंत मला तिथेच बसवलेत. मग योग्य थिंबल आणून, नीट दाबून, करवतीने मधोमध कापून दाखवलीत. आतल्या तारा वेगळ्या ओळखूच येत नव्हत्या. सगळा एकच लखलखीत ठोकळा झाला होता. दुसरी, माझी, कापली तर तारांमध्ये काळ्या फटी. "हितून गरम व्हायाला सुरुवात," एवढेच तुम्ही म्हणालात. त्या दोन्ही चकत्या तुम्ही मला दिल्यात. नंतरच्या बदल्यांमध्ये त्या हरवल्या, पण पाहिलेले हरवले नाही.

म्हणून काल मी आधी जालन्याहून थिंबली मागवल्या. तांब्याच्या केबलीला तांब्याच्या, केबलीच्या मापाच्या, आणि डोळा, म्हणजे टोकाचे भोक, स्विचच्या बोल्टाला तंतोतंत येईल अशा. फ्यूज काढून खिशात ठेवले. थिंबलीच्या नळीइतकेच आवरण सोलले. एकाही तारेला सुरीचा ओरखडा उठू दिला नाही. दाबायची पकड मुलाने भाड्याने आणली होती. ती पूर्ण मिटल्याशिवाय उघडत नाही, अर्धवट काम ती सोडतच नाही. तुम्हाला फार आवडली असती. तीन थिंबली स्विचकडे, तीन मोटारीकडे. पाच मी बसवल्या आणि प्रत्येक पाय रोवून ओढून पाहिली. वायरमनही पुन्हा आला होता आणि दारात उभा राहून पाहत होता. दळणाच्या बायका डबे घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. पाचवी ओढून झाल्यावर वायरमन दुसऱ्या कामाला गेला.

सहावीला पकड मध्यावर अडकली. ती मिटेना आणि उघडेनाही. मी दोन्ही हातांनी जोर लावला. पण दांडे जागचे हलेनात. सूनबाई शेजारी येऊन बसली.

"मामा, सरका थोडं."

"होईल. घाई नको."

"घाई न्हाई. पण बाहेर सात डबे वाट बघून राह्यलेत, अन् तुमचे हात लाल झाले."

मी सरकलो. तिने दांडे धरले, दात आवळले, आणि पकड खट्कन मिटली. प्रत्येक थिंबलीला दोन दाब लागतात; दुसरा तिने मला न विचारताच, योग्य जागी, दिला. पाहून पाहून शिकली असावी. मग, मी काही सांगण्यापूर्वी, तिने पाय रोवून ती ओढली. उस्ताद, मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. गिरणी सुरू झाली, तासाभराने स्विचवर हात ठेवला तर तो थंड होता, आणि मी बाजेवर आडवा होऊन गाढ झोपलो.

आज सकाळी वायरमन पुन्हा आला. सहाही थिंबली नीट पाहून म्हणाला, "काका, बिलकुल कंपनीचं काम. सगळ्या तुम्हीच दाबल्या?" मी म्हणालो, "हो." सूनबाई पलीकडे ज्वारी ओतत होती. तिने ऐकले, आणि ओतत राहिली.

तुम्हाला हे पत्र पाठवायला पत्ता नाही. सूनबाईला वाचायला द्यावे असे मात्र दोनदा वाटले. दोन्ही वेळा मी घडी घालून कागद उशीखाली ठेवला.